द्रवाची गादी असलेला रोजचा बूट: मापापासून चाचणीपर्यंत

दुधाची भरलेली पिशवी टेबलावर ठेवा आणि तळहाताने दाबा. हाताखालचं दूध आक्रसत नाही, बाजूला सरकतं. पिशवीचा दुसरा कोपरा फुगतो, आणि जोर वाढवला की तळहात टेबलाला टेकतो. बुटात द्रवाची गादी घालायला निघालेल्या प्रत्येकाने आधी एवढं करून पाहावं. द्रव आपण होऊन धक्का शोषत नाही. तो कुठे सरकेल, किती वेगाने सरकेल आणि परत कसा येईल हे आपण ठरवायचं असतं. सगळं डिझाइन त्या ठरवण्यात आहे, म्हणून या लेखात भरायच्या पदार्थापेक्षा पिशवी, कप्पे आणि बुटाचं माप यांवर जास्त वेळ घालवणार आहे.

आपलं काम असं धरू: रोज घालायचा साधा लेसचा बूट, ऑफिस-बाजार-प्रवासाला चालेल असा. टाचेखाली द्रवाची गादी, बाकी नेहमीचा फोम. धावण्याचा बूट हा वेगळा विषय आहे. चालताना टाचेवर शरीराच्या वजनाच्या साधारण १.१ ते १.२ पट जोर येतो, धावताना दोन ते तीन पट. रोजच्या बुटासाठी केलेली गादी धावायला वापरू नये.

कल्पना जुनी आहे. १९४५ मध्ये क्लाऊस मार्टेन्स या जर्मन लष्करी डॉक्टरने घोट्याला दुखापत झाल्यावर स्वतःसाठी हवेचे कप्पे असलेला सोल बनवायला घेतला; त्यातून पुढे डॉक मार्टेन्स आले. विमान-अवकाश क्षेत्रातला इंजिनिअर फ्रँक रुडी याने १९७७ मध्ये दाबाने वायू भरलेल्या पिशवीची कल्पना नायकीकडे नेली आणि त्यातून टेलविंड हा बूट झाला. १९८७ च्या एअर मॅक्समध्ये टिंकर हॅटफिल्डने ती पिशवी सोलच्या खिडकीतून दाखवली. रुडीने मोठ्या रेणूंचे वायू निवडले होते, कारण लहान रेणू प्लास्टिकच्या पडद्यातून हळूहळू निसटतात. त्यांतला सल्फर हेक्झाफ्लोराइड हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा वीस हजारांहून जास्त पटींनी तीव्र हरितगृह वायू निघाला आणि नायकीला २००६ पर्यंत नायट्रोजनकडे वळावं लागलं. चांगली गादी शोधण्याइतकंच ती टिकवून धरणारा पडदा शोधणं अवघड, हे त्या साऱ्या खटाटोपातून दिसतं.

पायरी १: बूट कोणासाठी, कशासाठी

चालणारा माणूस आणि उभा राहणारा माणूस यांना एकच गादी चालत नाही. चालताना दर पावलाला पाय साधारण ०.६ ते ०.७ सेकंद जमिनीवर टेकलेला असतो, मग पाऊल हवेत असताना सरकलेल्या द्रवाला परतायला ०.४ सेकंदांच्या आसपास वेळ मिळतो. दुकानात काउंटरमागे किंवा वर्गात फळ्यासमोर तासन्‌तास उभं राहणाऱ्याच्या टाचेला ही उसंत मिळत नाही. द्रव एकदा टाचेखालून निघून गेला की तिथेच राहतो आणि टाच तळाला टेकते. उभ्याच्या कामासाठी प्रत्येक कप्पा स्वतंत्र, बंद हवा. चालण्याच्या बुटात कप्पे जोडलेले चालतात, किंबहुना जोडलेलेच बरे.

एक गोष्ट निक्षून सांगतो. मधुमेहामुळे किंवा अन्य कारणाने पावलांची संवेदना गेलेल्या माणसावर घरगुती प्रयोग करू नका. पिशवीच्या वेल्डची (पडदे वितळवून केलेल्या जोडाची) कडा टोचली तरी त्याला कळणार नाही आणि जखम होऊन बसेल. अशा पावलांसाठी एमसीआरच्या (मायक्रोसेल्युलर रबर, म्हणजे सूक्ष्म छिद्रांचं मऊ रबर) चपला आहेत. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पावलांसाठी हे मऊ रबर वापरात आणलं, आणि ते आजही डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायचं पादत्राण आहे.

पायरी २: मापं, आणि गादीला जागा

मापं संध्याकाळी घ्या, पावलं दिवसभरात थोडी फुगलेली असतात. माणूस दोन्ही पायांवर सारखा भार देऊन कागदावर उभा हवा. बसून घेतलेलं माप काही मिलिमीटरने फसवतं. पेन्सिल सरळ उभी धरून बाह्यरेषा काढा. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी (ते बोट दर वेळी अंगठाच असेल असं नाही), चवड्याचा घेर, पावलाच्या वरच्या उंचवट्याचा घेर आणि टाचेची रुंदी ही चार मापं दोन्ही पावलांची घ्या. ओल्या पावलाचा तपकिरी कागदावरचा ठसाही घ्या. भार कुठे जास्त, कमान किती उचललेली, हे त्यावर दिसतं.

रुंदीकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. युके नंबर ८.४६ मिमीने आणि युरोपीय नंबर ६.६७ मिमीने वाढतो, पण दोन्ही सांगतात फक्त लांबी. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांची पावलं मोजली. त्यातून भारतीय पावलं युरोपीय-अमेरिकी पावलांपेक्षा रुंद असल्याचं पुढे आलं आणि 'भा' या भारतीय मापपद्धतीचा प्रस्ताव आला. परदेशी फर्म्यावर (ज्यावर बूट घडवतात त्या पावलाच्या आकाराच्या साच्यावर) बेतलेला बूट चवड्याला आवळतो, मग माणूस एक नंबर मोठा घेतो आणि टाच सैल पडते. सैल टाचेखाली कितीही चांगली गादी घाला, पाऊल तिच्यावर घसरत राहणार.

आता सर्वांत जास्त वेळा चुकणारी गोष्ट. तयार बुटात ६ मिमीची गादी सरकवली की टाच ६ मिमी वर येते. टाचेला मागून धरणारा कडक काउंटर जागच्या जागी राहतो, त्यामुळे टाच त्याच्या पकडीतून बाहेर निघते. पावलाचा उंचवटा लेसखाली दबतो, घोट्याचं हाड कॉलरच्या, म्हणजे बुटाच्या तोंडाच्या, काठावर घासतं. दोष गादीचा वाटतो, असतो जागेचा. म्हणून गादीची जाडी फर्मा ठरवतानाच धरायची: एक तर मिडसोलमध्ये (सोलच्या मधल्या फोमच्या थरात) तेवढा खळगा करायचा, नाही तर फर्म्याच्या तळाला तेवढी जाडी चढवून मग अप्पर (बुटाचा वरचा भाग) ओढायचं. मला खळगा जास्त पटतो. त्यात पाऊल जमिनीच्या जवळ राहतं.

पायरी ३: आत काय भरायचं

हवा किंवा नायट्रोजन हलका असतो आणि खरोखर आकुंचन पावतो, पण त्याला आधीपासून दाब द्यावा लागतो. एका टाचेवर ७०० न्यूटन, म्हणजे ७० किलोच्या माणसाचं पूर्ण वजन, ४० चौ. सेंमी क्षेत्रावर पेललं तर दाब होतो १७५ किलोपास्कल. पिशवीत नुसती वातावरणाच्या दाबाची हवा असेल आणि उंची १० मिमी असेल, तर हिशोबाने ती ३.७ मिमीवर येते. आधीच १०० किलोपास्कल जादा दाब भरला असेल, तर ७.३ मिमीवर थांबते. पहिली पिशवी लुळी, दुसरी कामाची. मात्र हा दाब वर्षानुवर्षं धरून ठेवणारा पडदा आणि जोड कारखान्यातच होतो. लहान कार्यशाळेत किंवा घरी नमुना करणाऱ्याने द्रव घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

द्रवांत साधं पाणी बाद. ते फारच पातळ असतं, आणि टीपीयूच्या (थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन, एक लवचीक प्लास्टिक) पडद्यातून त्याची वाफ हळूहळू निघून जाते, पिशवी पोचट पडते. औषधाच्या दुकानात मिळणारं ग्लिसरीन चांगलं: उडून जात नाही, गळलं तर चिकट होतं पण त्रास नसतो. नुसतं ग्लिसरीन मात्र तापमानाला फार दाद देतं. २० अंश सेल्सिअसला त्याची श्यानता, म्हणजे वाहण्यातला घट्टपणा, सुमारे १४१० मिलिपास्कल-सेकंद, ४० अंशाला २८० च्या आसपास. महाबळेश्वरच्या डिसेंबरात जो बूट ताठ वाटेल तो नागपूरच्या मे महिन्यात लिबलिबीत वाटेल. वजनाने ८० टक्के ग्लिसरीन आणि २० टक्के डिस्टिल्ड पाणी घेतलं, तर २० अंशाला ही श्यानता ६० वर येते आणि मिश्रण सहज वाहतं. बॅटरीत घालायचं पाणी चालतं, नळाचं नको. सिलिकॉन तेल तापमानाला खूपच कमी बदलतं आणि हव्या त्या घट्टपणाचं मिळतं, पण महाग. शिवाय एक थेंब जरी जोडावर पडला तरी तिथे ना वेल्ड धरतो ना चिकटवायचं सोल्यूशन.

वजनाचाही विचार करा. टाचेपुरती २५ चौ. सेंमीची, ६ मिमी उंच पिशवी म्हणजे १५ मिली, म्हणजे आपल्या मिश्रणाचे १८ ग्रॅम. पूर्ण तळव्याखाली १५० चौ. सेंमीवर ५ मिमी म्हटलं तर ७५ मिली, प्रत्येक बुटात ९० ग्रॅम जास्त. दिवसभर ते ओझं पायांनी का उचलायचं? टाचेखाली, आणि फार तर चवड्याखाली, एवढंच पुरे.

पायरी ४: कप्पे आणि वाट

आपल्या टाचेखालीच एक नमुना आहे. तिथे दीड ते दोन सेंटिमीटर जाडीची चरबीची गादी असते आणि ती तंतूंच्या भिंतींनी लहान-लहान कप्प्यांत बांधलेली असते. भिंती नसत्या तर चरबी पहिल्याच पावलाला बाजूला पसरली असती. बुटाचा टाचेकडचा भाग वाटीसारखा खोलगट केला तर ही चरबीही जागच्या जागी राहते. पिशवी भरण्याआधीच पायाला मिळणारा हा फुकटचा आधार आहे.

टाचेची पिशवी अंडाकृती, साधारण ४.५ × ६ सेंमीची धरा. एकच मोकळी पिशवी करू नका. पाऊल थोडं आत कललं की द्रव बाहेरच्या बाजूला जातो, त्यामुळे पाऊल आणखी कलतं आणि घोट्यावर ताण येतो. यासाठी मधोमध लांबीच्या दिशेने वेल्डची एक रेघ घ्या, म्हणजे डावा आणि उजवा कप्पा वेगळा होतो. प्रत्येक कप्प्यात १२-१५ मिमी अंतराने वरचा आणि खालचा पडदा जोडणारे लहान गोल वेल्ड ठेवा. त्यांनी पिशवी फुग्यासारखी गोल न होता चपटी राहते. पिशवीच्या भोवती घोड्याच्या नालाच्या आकाराचा घट्ट ईव्हीए फोम (बुटाच्या सोलमध्ये नेहमी वापरतात तो हलका फोम) हवाच. आधार त्या फोमने द्यायचा, दाब वाटून घ्यायचं काम द्रवाने.

चालण्याच्या बुटात टाचेचे कप्पे चवड्याखालच्या ३ मिमी जाडीच्या कप्प्यांना नळीने जोडता येतात, आतला आतल्याला आणि बाहेरचा बाहेरच्याला. टाच टेकली की द्रव पुढे जातो, चवड्यावर भार आला की मागे ढकलला जातो. परतीची सोय चालण्यातच आहे, हे या रचनेत मला फार आवडतं. नळी कमानीखालून न्या, तिथे भार सर्वांत कमी असतो.

नळीचा व्यास हाच खरा खटका. नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. ३ मिमीची नळी २ मिमी केली की प्रवाह पाचव्या हिश्श्यावर येतो, निम्मी केली की सोळाव्या हिश्श्यावर. ८० टक्के मिश्रणासाठी ३ मिमीपासून सुरुवात करा. टाच धपकन खाली बसली तर नळी मोठी आहे. टाच कडक वाटली आणि दहा-वीस पावलांनंतर चवड्याखाली गाठ जाणवू लागली, तर लहान. दोन पडद्यांमध्ये नुसती वेल्डने सोडलेली वाट बूट वाकला की मिटते, त्यामुळे आत मऊ नळीचा तुकडा घालणं श्रेयस्कर.

पायरी ५: पिशवी

पडदा टीपीयूचा, ०.५ ते ०.८ मिमी जाडीचा घ्या. दुकानदाराला एक प्रश्न आवर्जून विचारा: पॉलिईथर जातीचा की पॉलिएस्टर जातीचा? पॉलिएस्टर जात दमट हवेत पाण्याशी प्रक्रिया होऊन तुटत जाते. काही वर्षं कपाटात ठेवलेल्या चांगल्या बुटाचा पीयू (पॉलियुरेथेन) सोल पहिल्याच पावसात भुग्यासारखा गळून पडतो, त्यामागे हीच प्रक्रिया असते. कोकणात, मुंबईत, गोव्यात राहणाऱ्यांना हे अनुभवाने माहीत आहे. आपल्या हवेला पॉलिईथरच योग्य. पीव्हीसी स्वस्त पडतं, पण त्यातलं मऊपणा देणारं द्रव्य झिरपून गेलं की ते कडक होतं आणि घडीवर तडकतं.

कारखान्यात हा जोड २७.१२ मेगाहर्ट्झच्या हाय-फ्रिक्वेन्सी वेल्डिंगने, पितळी साच्याखाली होतो. रेनकोट आणि फुगवायच्या वस्तू बनवणाऱ्यांकडे अशी मशीन असतात, दहा-वीस पिशव्यांचा नमुना त्यांच्याकडून करून घेता येतो. घरी पहिला कच्चा नमुना फरसाणाच्या पिशव्या सील करायच्या मशीनवर होतो. गोल वेल्ड आणि वळणं त्यावर येत नाहीत, म्हणून तो फक्त जाडी आणि भरण्याचं प्रमाण ठरवायला वापरा. जोड किमान ४-५ मिमी रुंद ठेवा. काटकोनी कोपरा कुठेही नको. फाटायला सुरुवात कोपऱ्यातूनच होते. टाल्कम पावडर, तेल, बोटांचा घाम यांपैकी काहीही जोडाच्या जागी लागलेलं नसावं.

भरताना पिशवी तोंड वर करून उभी टांगा आणि सुई नसलेल्या सिरिंजने मिश्रण तळापासून सोडा. मिश्रण आधी कोमट करून तासभर निवांत ठेवलं तर त्यातले बुडबुडे वर येऊन फुटतात. बुडबुडा आत राहिला तर पावलागणिक पचपच आवाज येतो. काठोकाठ भरू नका. द्रव आक्रसत नाही आणि पडदा फारसा ताणला जात नाही, त्यामुळे गच्च भरलेली पिशवी पायाखाली दगडासारखी लागते. सुरुवात क्षमतेच्या ८५ टक्क्यांपासून करा. उभ्याच्या कामासाठी ९० च्या जवळ जा.

पायरी ६: बुटात बसवणं

खळग्याखाली किमान ४ मिमी फोम शिल्लक ठेवा, म्हणजे पिशवी फुटली तरी टाच थेट रबरी सोलवर आपटणार नाही. खळगा पिशवीपेक्षा सगळीकडून २ मिमी मोठा हवा, दाबल्यावर फुगायला जागा लागते. शिलाई किंवा खिळा पिशवीच्या १० मिमीच्या आत येता कामा नये. पिशवीच्या वर २-३ मिमी फोम आणि त्यावर अस्तर घाला, वेल्डच्या कडा तळव्याला लागणार नाहीत.

पिशवी खळग्यात सोल्यूशनने चिकटवू नका. सोल्यूशनमधल्या द्रावकाने टीपीयू सुजतो. वरचं इनसोल उचललं की पिशवी हाताने काढता आली पाहिजे, यावर मी ठाम आहे.

पायरी ७: वरची पकड

द्रवाचा किंवा हवेचा उपयोग पावलाला वरून धरण्यासाठीही होतो. १९८९ च्या रीबॉक पंपमध्ये जिभेवरचा गोळा दाबून पावलाभोवतीच्या पिशवीत हवा भरली जायची. रोजच्या बुटात पंपाची गरज नाही. कॉलरमध्ये, घोट्याच्या हाडाच्या मागे-खाली जो खोलगट भाग असतो तिथे दोन्ही बाजूंना पातळ पिशव्या घातल्या की टाच वर उचलली जात नाही.

इथे दाबाचं गणित पार वेगळं आहे. टाचेखाली १७५ किलोपास्कल काही क्षणांसाठी चालतात. कातडीच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांमधला दाब मात्र ३२ मिमी पाऱ्याच्या, म्हणजे सुमारे ४ किलोपास्कलच्या आसपास धरतात, आणि वरची पकड तासन्‌तास तशीच असते. त्यामुळे कॉलरची पिशवी निम्मीच भरा. लेस बांधल्यावर पिशवी आणि पावलामध्ये करंगळीचं टोक थोड्या प्रयत्नाने गेलं पाहिजे. पावलाच्या वरच्या उंचवट्यावर, जिथे नाडीचा ठोका लागतो, तिथे पिशवी नकोच.

पायरी ८: चाचण्या

गळती आधी. पंक्चरवाला ट्यूब पाहतो तशीच हवा भरलेली रिकामी पिशवी टबात बुडवून दाबा, जोडावर नखाएवढाही बुडबुडा दिसला तर ती बाद. द्रव भरल्यावर दोन फळ्यांमध्ये ठेवून वर माणूस उभा करा, मग पिशवी वर्तमानपत्रावर तशीच ठेवून द्या. रात्रभरानंतर कागदावर डाग दिसला तर जोड पुन्हा करायचा.

मग उष्णता. दाबाने वायू भरला असेल तर हे जास्त महत्त्वाचं. १०० किलोपास्कल जादा दाबाची पिशवी २५ अंशांवरून उन्हात उभ्या गाडीतल्या ६५ अंशांवर गेली, तर जादा दाब १२७ च्या घरात जातो. दमटपणासाठी उद्योगात नमुने ७० अंश आणि ९५ टक्के आर्द्रतेत आठवडाभर ठेवण्याची पद्धत आहे. तशी सोय नसेल तर पिशवीचा तुकडा बंद डब्यात ओल्या कापडासोबत गच्चीवर दोन महिने ठेवा आणि मग घडी घालून ओढून पाहा.

शेवटी चालणं. रोज दहा हजार पावलं म्हणजे एका पायाला पाच हजार, वर्षाला अठरा लाख दाब. तेवढं चालून पाहणं शक्य नसलं तरी पंधरवडाभर एका पायात नवी गादी आणि दुसऱ्यात तेवढ्याच जाडीचा नुसता फोम घालून चाला. फरक आठवणीवर न सोडता रोज लिहून ठेवा. मागून, टाचेच्या उंचीवर मोबाइल ठेवून चालण्याचा व्हिडिओ घ्या आणि पोटरीपासून टाचेपर्यंतची रेघ पाहा. गादीच्या पायाची टाच फोमच्या पायापेक्षा जास्त कलत असेल, तर द्रव कमी करा किंवा बाजूचा फोम घट्ट घ्या. मऊ वाटलं म्हणून हे कलणं खपवून घेऊ नका. त्याची किंमत पुढे गुडघा मोजतो.

मोजे काढल्यावर तळव्यावर लाल ठसा दिसला तर त्याची जागा पिशवीच्या नकाशाशी जुळवा. बहुतेक वेळा तो वेल्डच्या रेघेवर येतो. वरचा फोम एक मिलिमीटर वाढवला की काम होतं. अर्ध्या तासात ठसा गेला नाही, तर तो बूट त्या पायाला नको.

दुरुस्ती

पिशवी हा झिजणारा भाग आहे. बुटाचा अप्पर तिच्यापेक्षा जास्त टिकेल असंच गृहीत धरा आणि विकत असाल तर सुट्या पिशव्याही विका. नाक्यावरच्या गटई स्टॉलवर बूट शिवायला आलेला माणूस पिशवी तिथेच बदलून घेऊ शकला पाहिजे. इनसोल उचला, जुनी काढा, नवी ठेवा, एवढंच. पिशवीच्या कडेला डावी-उजवी, टाच-चवडा आणि भरल्याचा महिना ठसठशीत छापा. शिलाई कुठून घेऊ नये ती रेघ खळग्याच्या काठावर रंगाने आखून द्या.